आईबाबांचा दुसरा मधुचंद्र आणि मी

आईने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी लग्नातून पदवी घ्यायचं ठरवलं. हा शब्द माझा नाही. आमच्याकडे हल्ली असंच म्हणतात. घटस्फोट घ्यायचा नाही, कोर्टात जायचं नाही, भांडायचंसुद्धा नाही. अभ्यासक्रम पुरा झाला, आता ज्याने त्याने आपापलं राहायचं, एवढंच. रविवारी जेवताना आईने हे सांगितलं आणि त्याच दमात मुळ्याच्या किमचीची, आमच्या आंबवलेल्या लोणच्याची, वाटी माझ्याकडे सरकवली. एप्रिलअखेर मी माझ्यापुरती वेगळी जागा बघणार, असंही ती म्हणाली. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी, प्यो इन-चोल, देगू शहरात किमची ठेवायचे फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात उपव्यवस्थापक आहे. आमच्या विभागाचे नियम साधे आहेत. ग्राहकाला आधी बोलू द्यायचं, मग गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करायची, मग त्याला काहीतरी फुकट द्यायचं. मी आईला बोलू दिलं. ती म्हणाली, "माझी काही तक्रार नाही." अशा ग्राहकाचं काय करायचं हे आम्हाला शिकवलेलं नाही.

माझी बायको हे-रान हिने ही गोष्ट बिल्डिंगमध्ये फक्त एकीला सांगितली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांना कळली. लिफ्टमध्ये निवृत्त मुख्याध्यापक गुक गुरुजी भेटले. त्यांनी माझा दंड धरला आणि चौथ्या ते पहिल्या मजल्यादरम्यान माझ्या आईवडिलांचा संसार सावरून दिला. उपाय असा होता की दोघांना जेजू बेटावर न्यायचं, चाळीस वर्षांपूर्वी मधुचंद्राचे फोटो जिथे काढले तिथेच, त्याच पोझमध्ये पुन्हा काढायचे, आणि मग बघायचं. त्यांच्या मेव्हण्याचं लग्न याच उपायावर टिकलं होतं. मेव्हणा कोणत्या बायकोबरोबर गेला होता, हे त्यांनी मला आम्ही सहलीहून परत आल्यावर सांगितलं.

सातव्या मजल्यावरच्या दो-युनच्या आईचा सल्ला वेगळा होता. आईवडिलांना सहलीला नेण्याआधी त्यांच्याकडून लिहून घ्यायचं असतं, असं तिचं म्हणणं. काही वाक्यं त्यांनी सहलीत उच्चारायची नाहीत. तिने यादीच दिली: 'अजून किती लांब आहे', 'हे तर घरीही मिळतं', 'याला एवढे पैसे', आणि 'तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो'. खाली सही. बाबांनी चष्मा लावून यादी वाचली, पूर्ण नावानिशी सही केली, आणि निघायच्या दिवशी गाडी बिल्डिंगच्या फाटकातून बाहेर पडायच्या आत विचारलं, "अजून किती लांब आहे?"

पण मी पुढे पळतोय. आधी फोटोंचं सांगितलं पाहिजे. त्या काळी जेजूला मधुचंद्राला गेलं की दिवसभरासाठी टॅक्सी ठरवायची. टॅक्सीवालाच बेट दाखवी, तोच जेवायला नेई आणि तोच फोटो काढी. पोझही त्यानेच ठरवायच्या, नवरानवरीने नुसतं लाजायचं. त्यामुळे आमच्या देशातल्या एका पिढीतली सगळी जोडपी एकाच झाडाआडून डोकावलेली आहेत आणि एकाच घोड्यावर बसलेली आहेत. मग पंधरा दिवसांनी फोटोंचं पाकीट पोस्टाने घरी येई. आईबाबांच्या पाकिटात बारा फोटो निघाले. त्यातला बारावा बाबांनी मोठा करून, चौकट लावून बैठकीच्या खोलीत टांगला. त्यात दोघं कॅमेऱ्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभी आहेत आणि बाबांचा हात आईच्या कमरेभोवती आहे. आईने कधी काही बोलून दाखवलं की बाबा त्या फोटोकडे बोट करत आणि विचारत, "मग हे काय आहे?" एवढ्यावर चर्चा संपे. बाबांच्या बाजूने दुसरा पुरावा असा कुठलाच नव्हता, पण हा भक्कम होता.

मी तीन दिवसांचं वेळापत्रक केलं. बारा पोझ, बारा ठिकाणं, जाण्यायेण्याची मिनिटं, समुद्रातल्या शिंपल्यांची लापशी कुठे खायची, वारा असेल तर काय, पाऊस असेल तर काय. आई जेजूचं नाव ऐकताच तयार झाली. मला वाटलं, निम्मं काम इथेच झालं. ती हसतखेळत परत आली की वेगळ्या जागेचा विषय आपोआप मागे पडेल असा माझा हिशेब होता, आणि तो मी हे-रानला इतक्या वेळा समजावला की ती शेवटी माहेरी गेली. दोन दिवसांसाठीच.

विमानतळावर बाबांचं ओळखपत्र दुसऱ्या कोटात राहिल्याचं कळलं. पण आमच्याकडे यालाही सोय आहे. कोपऱ्यात सरकारी कागद छापून देणारं यंत्र असतं. त्यावर अंगठा ठेवायचा, की रहिवासाचा दाखला बाहेर येतो आणि विमानात बसता येतं. बाबांनी पस्तीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरात टाइल्स बसवल्या आहेत. सिमेंटने त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा केव्हाच खाऊन टाकल्या होत्या. यंत्र म्हणालं, ओळख पटली नाही. बाबांनी अंगठा पुसला. ओळख पटली नाही. मागे रांग लागली आणि रांगेतल्या प्रत्येकाकडे एकेक उपाय होता. एक म्हणाला, फुंकर मारा. एका बाईंनी पर्समधून क्रीम काढलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अंगठा कपाळावर घासायला सांगितलं आणि तो आपला अनुभव असल्याचंही सांगितलं. बाबा निमूटपणे सगळं करत होते. आठव्यांदा यंत्राने ओळख पटली नाही असं सांगितल्यावर आई बाकावरून शांतपणे म्हणाली, "राहू दे. चाळीस वर्षांत मलाही पटली नाही."

अकराव्यांदा दाखला आला. तो कपाळामुळे आला असं ते गृहस्थ अजूनही सांगत असतील.

सुरक्षा तपासणीत दुसरा प्रकार. बाबांच्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. सोडून पाहिलं तर बैठकीच्या खोलीतला फोटो, चौकटीसकट, काचेसकट. मी म्हटलं, अल्बम माझ्याकडे आहे की. बाबा म्हणाले, अल्बममधला लहान आहे. तपासणीवाल्या मुलीने तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि आई-बाबा छान दिसतात म्हणाली. आईने तिचे आभार मानले.

टी-शर्टचंही सांगून टाकतो, कारण ते मला टाळता येणार नाही. अशा सहलीत सगळ्या कुटुंबाने एकसारखे टी-शर्ट घालायचे, ही पद्धत. आमच्या साहेबांना सहलीचं कळताच त्यांनी मोठ्या मनाने गोदामातले तीन काढून दिले. भडक नारिंगी, आणि छातीवर कंपनीचं वाक्य: 'आतून ताजे, दीर्घकाळ'. जेजूला गाडी भाड्याने देणाऱ्या पोराने आम्हाला बघून बाकीचा ग्रुप कुठे आहे असं विचारलं. मला पाहून तो म्हणाला, "ड्रायव्हर तुम्हीच ना?" मी त्याला सांगणार होतो की मी उपव्यवस्थापक आहे, पण मागून आई म्हणाली, "हो, हाच."

पहिली पोझ झाडाआडून डोकावायची. पाईनचं ते झाड सापडलं, पण चाळीस वर्षांत ते इतकं जाड झालं होतं की एकाचं डोकं एका बाजूने आणि दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूने निघालं तरी दोघं एकमेकांना दिसेनात. बाबांना ते बरं वाटलं असावं. दुसरी पोझ पिवळ्या मोहरीच्या शेतात. शेताच्या मालकीणबाई फुलांत उभं राहायचे पैसे घेतात. बाबांनी 'याला एवढे पैसे' हे वाक्य म्हटलं नाही, पण ते म्हणत नाहीयेत हे चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की फोटो बाद झाला. घोड्याच्या पोझमध्ये घोड्याने बाबांची टोपी खाल्ली. म्हणजे सगळी नाही, पुढचा भाग. वारा जेजूचा, त्यामुळे 'चाळिसाव्या वर्षाच्या शुभेच्छा' असा जो कापडी फलक दो-युनच्या आईने आग्रहाने दिला होता तो पहिल्याच दिवशी समुद्रात गेला. तो बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने वर काढला आणि आपल्या ओल्या शिंपल्यांवर पांघरला. परत मागायला मी खडकांवर उतरलो आणि पाय घसरून बसलो. बाईंनी मला विचारलं, कुठल्या कंपनीचे ड्रायव्हर?

वेळापत्रकाप्रमाणे आम्ही साडेतीन तास मागे होतो. पण आई हसत होती. मी ते टिपून ठेवलं. एकूण चार वेळा हसली, त्यात टोपीच्या वेळी सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातवी पोझ. ही तळहाताची पोझ. नवरा जवळ उभा राहून हात पुढे करतो, नवरी लांब टेकाडावर उभी राहते आणि फोटोत ती त्याच्या तळहातावर उभी दिसते. टॅक्सीवाल्यांची ही सगळ्यात आवडती करामत. मी बाबांचा हात जमवला. आई हातात मावेना. मी ओरडून सांगितलं, आई, मागे जा. ती गेली. तरी तिचे पाय बाबांच्या बोटांतून खाली लोंबत होते. मी खुणेने आणखी मागे सांगितलं. ती आणखी गेली. वाऱ्यामुळे बाबांचा हात हलत होता, तो मी दुसऱ्या हाताने धरला. आणखी थोडं मागे. आता आई अगदी तळहातावर आली होती, पण तिची मान वाकडी होती, म्हणून मी फक्त सरळ हो अशी खूण केली. ती खूण तिला बहुधा 'जा' अशी दिसली. ती टेकाडाच्या पलीकडे उतरली.

आम्ही पाच मिनिटं थांबलो. बाबांनी हात तसाच ठेवला होता.

मग माझा फोन वाजला. आई म्हणाली, "मी बसमध्ये आहे. माझी जागा इथून दोन थांबे आहे, तेवढी बघून घेते. तुम्ही लापशी खाऊन घ्या."

आई जेजूचं नाव काढताच का तयार झाली, ते मला तेव्हा कळलं. तिने जागा इथेच, या बेटावर बघून ठेवली होती. तिची शाळेतली मैत्रीण इथे संत्र्यांच्या बागेत असते, तिच्या ओळखीने. ज्या सहलीने आईचं घर सोडून जाणं थांबवायचं होतं, त्या सहलीत मीच तिला विमानाचं तिकीट काढून, टी-शर्ट घालून, दोन थांब्यांपर्यंत आणून सोडलं होतं. वर 'मागे जा, मागे जा' म्हणून ओरडलोही मीच होतो.

गाडीत बाबा फक्त एकदा म्हणाले, "अजून किती लांब आहे?" या वेळी मी त्यांना यादीची आठवण करून दिली नाही.

घर काळ्या दगडांच्या कुंपणाआड होतं. अंगणाच्या दोन बाजूंना दोन बैठी घरं, एकमेकांकडे तोंड करून. मालकीण बू आजी. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर समुद्रात बुड्या मारलेली, त्यामुळे ऐकायला कमी येई आणि बोलणं मोठ्याने. आई तिच्याबरोबर ओट्यावर बसून लसूण सोलत होती. आई कुठेही गेली की पाच मिनिटांत लसूण सोलायला लागते.

बाबा गाडीतून चौकट घेऊन उतरले. चादर सोडली आणि फोटो ओट्यावर, लसणाशेजारी उभा केला.

"अजून सहा पोझ राहिल्या आहेत," ते म्हणाले. "शेवटची ही. चल."

आई सोलतच राहिली. बाबांनी बू आजीकडे पाहिलं आणि पुरावा तिच्यापुढे सरकवला. बघा, म्हणाले, आमचं हे असं आहे आणि ही खोल्या बघत हिंडतेय. आजीने चौकट मांडीवर घेतली, बराच वेळ पाहिली.

"हा माणूस चांगला दिसतोय," ती म्हणाली. "हल्ली कुठे असतो?"

आईने सुरी खाली ठेवली.

"इन-चोलचे बाबा," ती म्हणाली, "तो फोटो आपला नाही."

बाबा हसले. म्हणजे प्रयत्न केला.

"माझा स्कर्ट निळा होता," आई म्हणाली. "हा गुलाबी आहे. कुणाचा तरी फोटो आपल्या पाकिटात आला. आपला त्यांच्याकडे गेला असेल."

मी गाडीतून अल्बम आणला. अकरा फोटोंत आई निळ्या स्कर्टमध्ये होती. बाराव्यात गुलाबी. ग्राहकाने पांढरा फ्रिज मागितला आणि राखाडी गेला, तर मी अर्ध्या तासात पकडतो. आणि या फोटोखाली मी लहानाचा मोठा झालो, जेवलो, अभ्यास केला, हे-रानच्या घरच्यांना बसवलं. आम्ही दर नव्या वर्षाला कुठल्या तरी परक्या जोडप्यावरची धूळ पुसत आलो होतो. आणि या देशात कुठल्या तरी बैठकीच्या खोलीत माझे आईबाबा पाठमोरे, एकमेकांपासून हातभर लांब उभे असणार.

"मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"पाकीट उघडलं त्या दिवशीच सांगणार होते. तुम्ही खिळा ठोकत होतात. लोकांच्या घरी टाइल्स बसवत हिंडलात, आपल्या घरात तुम्ही स्वतःहून केलेलं ते एकच काम. म्हटलं, राहू दे. पण नंतर तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवायला लागलात. दर वेळी मी त्या माणसाच्या हाताकडे बघायची. तुम्ही माझ्या कमरेला हात कधी घातला होता, सांगा बरं. मला आठवत नाही. मी आठवून बघितलंय."

बाबा ओट्याच्या कडेला बसले. टोपीचा घोड्याने खाल्लेला भाग पुढे होता. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि दोन्हींचं काय करायचं ते सुचेना म्हणून मी लसूण सोलायला घेतला. बू आजीने मला विचारलं, ड्रायव्हरला चहा चालेल का?

बाबांनी समोरच्या घराकडे मान वळवली.

"तिथे कोण राहतं?"

"कुणी नाही," आजी म्हणाली. "कांदे ठेवते." आणि मग बाबा बाहेरगावचे म्हणून तिने सांगितलं की या बेटावर असंच असतं. एका अंगणात दोन घरं, एकात म्हातारे, एकात मुलगा-सून. चुली वेगळ्या, लोणच्याचे रांजण वेगळे, ज्याने त्याने आपलं शिजवायचं. "माझी सासू समोर एकवीस वर्षं राहिली. माझ्या हातचं एकदाही मागून खाल्लं नाही. म्हणून तर मी तिच्या अंत्यसंस्काराला खरी रडले."

"कांदे काढले तर मावेन मी," बाबा म्हणाले.

हे त्यांनी आजीला सांगितलं, पण बघत होते आईकडे.

"भात येतो का तुम्हाला?" आईने विचारलं.

"नाही."

"कपडे?"

"नाही."

"मग शिका. मी येणार नाही बघायला. आणि माझ्याकडे यायचं तर दार वाजवून यायचं."

मी मध्ये पडलो. माझं म्हणणं मुद्देसूद होतं: सहलीचा हेतू एका माणसाला घर सोडू न देणं हा होता, आणि आता दोन माणसं घर सोडत होती. देगूतल्या घराचं काय, औषधांचं काय, आम्हाला काय वाटेल याचं काय. तिघांनीही माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग आई म्हणाली, गैरसोय होईल तुझी, वाईट वाटतं. आणि तिने मला सोललेल्या लसणाची एक पिशवी दिली. आमच्या विभागात हे तिच्याहून चांगलं कुणाला जमलं नसतं.

राहिलेल्या सहा पोझ झाल्याच नाहीत. तिसरा दिवस कांदे हलवण्यात गेला.

बिल्डिंगमध्ये निकालावर मतभेद आहेत. दो-युनच्या आईच्या मते सहल फसली, कारण यादी पाळली गेली नाही. गुक गुरुजींच्या मते पूर्ण यशस्वी झाली, आणि ते हा उपाय आता शेजारच्या बिल्डिंगमध्येही सांगत असतात. मला लोक लिफ्टमध्ये, आईबाबा कुठे असतात, असं विचारतात. मी म्हणतो, जेजूला. कधी येणार, असं विचारतात. तेव्हा माझा मजला आलेला असतो.

जूनमध्ये मी त्यांना भेटायला गेलो. कुंपणाशी पोचलो तेव्हा बाबा आपल्या घरातून बाहेर येत होते. केस ओले करून विंचरलेले, हातात झाकण घातलेलं भांडं. अंगण वीस पावलांचं आहे. ते चालत गेले आणि आईच्या दारापुढे उभे राहिले. दार उघडंच होतं. आत आई बसलेली मला कुंपणावरून दिसत होती, म्हणजे बाबांनाही दिसत असणार. त्यांनी दाराच्या चौकटीवर दोनदा वाजवलं.

"कोण?" आईने विचारलं.

"समोरचा."

"काय काम आहे?"

बाबांनी भांड्याकडे पाहिलं. काहीतरी सांगतील असं मला वाटलं, मोड आलेल्या कडधान्याचं सूप केलंय, मीठ बघ, असं काहीतरी. पण त्यांनी भांडं खाली पायरीवर ठेवलं आणि हात मोकळे केले.

"काम काही नाही," ते म्हणाले. "भेटायला आलो."

चाळीस वर्षांत बाबांनी आईला कामाशिवाय हाक मारल्याचं मला आठवत नाही. आईलाही आठवलं नसावं, कारण ती लगेच उठली नाही. आधी तिने केसांवरून हात फिरवला, मग शेजारची बसायची उशी ओढून समोर ठेवली आणि म्हणाली, "या."